आईच्या खोलीतले सव्वीस अंश

अकोल्याचा मे महिना ज्यांनी एकदा काढला आहे, त्यांना मी आईच्या घरी एसी का बसवला हे सांगायची गरज नाही. आदल्या वर्षी भर दुपारी कूलरच्या टाकीत पाणी भरता भरता ती चक्कर येऊन पडली. घराचं दार उघडं होतं. समोरच्या घरातल्या मावशींनी तिला पडताना पाहिलं, ओरडून आणखी बाया गोळा केल्या, तिला उचलून ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी अमरावतीहून पोचले तेव्हा सलाईन लागलेलं होतं आणि मावशी तिच्या पायाशी बसून ओल्या फडक्याने तळवे पुसत होत्या. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पुढच्या उन्हाळ्यात यांची खोली थंड राहिली पाहिजे. मी ते तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

मी टिपून घेणारी बाई आहे. ऑफिसात माझ्या टेबलावरची कामं वेळेत होतात. घरात एक सिलिंडर संपायच्या आत दुसरं आलेलं असतं. नात्यात लग्न निघालं की पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला कोणी जायचं हे मला विचारतात. याचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे, म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. गल्लीत तिला लहानमोठे सगळे ‘बाई’च म्हणतात. जुन्या शहरातलं हे घर तिने आणि बाबांनी नोकरीत असताना बांधलं. समोर ओसरी, मग बैठकीची खोली (आईची खाटही तिथेच), तिच्यामागे स्वयंपाकघर. बैठकीच्या खोलीचं दार मात्र घराच्या मानाने फार मोठं आहे. दोन पाखांचं, सागवानी. मिस्त्री नको म्हणत होता, बाबाही नको म्हणत होते. आई म्हणाली, “येनाऱ्याले अंग चोरा लागू नये.” एवढंच. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. मालकाच्या घरी तहान लागली तर ओसरीच्या खाली बसायचं आणि ओंजळ पुढे करायची; पाणी वरून ओतलं जायचं. आईने हे आम्हा भावंडांना एकदाच सांगितलं होतं, फळ्यावर गणित समजावून द्यावं तशा आवाजात. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. मीही विसरले होते. म्हणजे, विसरले नव्हते. आपल्या रोजच्या कामाशी त्याचा काही संबंध नाही असं मी धरून चालले होते.

त्या खोलीत आमचा जुना लोखंडी कूलर होता. कूलरचं एक असतं: त्याला मागून हवा लागते आणि समोरून वाट लागते. दार लावून घेतलं की खोली नुसती ओली होते, थंड होत नाही. म्हणून आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी दारं उघडी असतात. बंद दार दिसलं तर लोक समजतात की घरात कोणी आजारी आहे किंवा भांडण झालं आहे, आणि मग त्या दारावर कोणी थाप मारत नाही.

आईच्या दाराशी थाप मारायचा प्रश्नच नव्हता. एप्रिलच्या शेवटी सालाचे गहू घरोघरी येऊन पडले की गल्लीतल्या बाया जेवणं उरकून आपापलं सूप घेऊन तिच्याकडे यायच्या. आज हिचं पोतं, उद्या तिचं. समोरच्या मावशी शाळेत पोषण आहार शिजवतात, उन्हाळ्यात त्यांना सुट्टी असते. बाकीच्या कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये, कोणी लोकांच्या घरी कामाला. दुपारभर खडे वेचायचे, सासवांना नावं ठेवायची, सुनांना नावं ठेवायची आणि चहा पिऊन उठायचं. आई चष्मा लावून त्यांच्यात बसायची.

एसीचं काम मी मार्चमध्येच हातात घेतलं; ते पुरं व्हायला एप्रिल सरत आला. खोलीचं माप घेतलं, पश्चिमेची भिंत तापते म्हणून गरजेपेक्षा एक माप मोठा एसी घेतला. त्याच्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, वेगळा ट्रिपस्विच बसवला, अर्थिंग तपासून घेतलं, स्टॅबिलायझर लावला. बाहेरचं युनिट सावलीच्या बाजूला ठेवलं. इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, कारण माझ्या योजनेतला मुख्य भाग वेगळाच होता.

तो मुख्य भाग म्हणजे थर्मोस्टॅट. साबणाच्या वडीएवढा एक पांढरा डबा. तो भिंतीवर लावायचा. तो खोलीची हवा मोजतो, ती फोनवर दाखवतो आणि आपण ठरवून दिलेल्या तापमानाप्रमाणे एसी चालू-बंद करतो. मी अमरावतीत बसून अकोल्याची खोली पाहू शकणार होते. तो कुठे लावायचा याचीही माहिती मी वाचून ठेवली होती. एसीच्या झोतासमोर नको, तापणाऱ्या भिंतीवर नको, दाराजवळ तर मुळीच नको. आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, दोन तसबिरींच्या जरा खाली मी जागा निवडली. वायरमनने भोकं पाडली. डबा सुरुवातीला वायफाय पकडेना, तेव्हा राउटरची सेटिंग बदलून तेही मीच केलं. मग वेळापत्रक भरलं: ऊन चढायच्या आधी खोली थंड व्हायला लागेल, दुपारभर सव्वीस, संध्याकाळी अठ्ठावीस, झोपताना सत्तावीस. आई रिमोटशी खेळेल म्हणून रिमोटवरची बटणं कुलूपबंद केली.

आई खाटेवर बसून हे सगळं पाहत होती.

“मले थंडी वाजली तर?” तिने विचारलं.

“सव्वीसमध्ये थंडी वाजत नाही.”

“मले वाजली तर म्हनतो मी.”

“मग मला फोन करजो. मी तिकडून थंडावा कमी करून देईन.”

“म्हंजे माया अंगावर पांघरून घालाले अमरावतीले फोन करू?”

वायरमन हसला. मीही हसले. कूलर भंगारवाल्याला देऊन टाक, असं सांगून मी संध्याकाळच्या गाडीने परतले.

पहिल्या आठवड्यापासून मी फोनवर आलेख पाहायला लागले. सकाळी व्यवस्थित खाली उतरणारी रेघ दुपारी जेवणानंतर उठायची आणि पार चार वाजेपर्यंत टेकडीसारखी वर राहायची. एसी सतत चालू, तरी खोली तेहतीस, चौतीस. मला आधी वाटलं गॅस कमी असेल. मेकॅनिक पाठवला. त्याने फिल्टर उघडून त्याचा फोटो मला पाठवला. जाळी करड्या भुशाने गच्च भरली होती.

“मॅडम, मशीन ठीक आहे,” तो फोनवर म्हणाला. “पण इथे गहू पाखडतात का?”

पाखडत नव्हत्या, निवडत होत्या. पण भुसा तो भुसाच. आणि दार सताड उघडं. कूलरची सवय. मी आईला समजावून सांगितलं की एसीचं उलट असतं, दार लावावं लागतं. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हो म्हणाली. असं काही दिवस चाललं, आणि एका दुपारी ऑफिसात माझं आधीच कोणाशी तरी वाजलेलं असताना मी फोन उघडला, तर रेघ पस्तीसवर गेलेली.

मी आईला फोन लावला. आई फोन कायम स्पीकरवर ठेवते, तिला कानाशी धरून नीट ऐकू येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

“आई, दार उघडं हाय ना?”

“हो वं. मंडळी येऊन राहिली.”

“मंडळी रोजच येऊन राहिली. तो कूलर नाही आई, एसी हाय. सारी थंड हवा गल्लीत चालली.”

“जाऊ दे ना. गल्लीबी आपलीच हाय.”

कोणीतरी हसलं. ते हसणं मला स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे त्या तिथे बसलेल्या आहेत आणि माझं ऐकत आहेत, हेही मला त्या क्षणी कळलं होतं. तरी मी थांबले नाही.

“आणि तो भुसा? फिल्टर पाहिला का? खोली हाय का खळं हाय ते? एवढंच असंल तर ओसरीत बसव त्यांना. बाहेर बसून निवडा म्हना. आत कायले पायजे?”

सूप जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला, मग दुसरं. मग आईने स्पीकर बंद केला असावा, कारण खोलीचा आवाज गेला आणि तिचा एकटीचा आवाज जवळून आला.

“ठेवतो मंग,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून टेकडी नाहीशी झाली. दुपारभर सव्वीस. कधी पावणेसव्वीस, कधी सव्वासव्वीस, बस. पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून पुण्याला दादाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अखेर शिस्त लागली.’ त्याने अंगठा पाठवला. रोज दुपारचा चहा पिताना मी ती रेघ पाहायची. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी आईला फोन कमी केले. रेघ सरळ आहे म्हणजे आई बरी आहे, असं माझं मन मानायला लागलं होतं. मध्ये एकदा दुपारी एसी पूर्ण बंद दिसला तेव्हा लगेच फोन केला. का बंद केला, असं दोनदा विचारलं. आई म्हणाली, चुकून भिंतीवरचं बटन दाबल्या गेलं. पुन्हा तसं झालं नाही.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी मी रजा टाकली. आईला न कळवता जायचं ठरवलं, तिला बरं वाटेल म्हणून. बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीतून येणारी हवा अंगाला लागत नव्हती, चटके देत होती. अकोल्याला उतरून ऑटो केला. गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा नालीत शिरून बसली होती.

आमचं दार बंद होतं. दोन्ही पाखं घट्ट. आतून एसीचा घुमण्याचा आवाज येत होता. मला समाधान वाटलं. मी थाप मारली. उत्तर नाही. झोपली असेल म्हणून जरा जोरात मारली. मग हाक मारली. मग कडी वाजवली.

मग मला दवाखान्यातली आई दिसली.

मी फोन काढला. तिला लावला तर आत रिंग वाजायला लागली आणि वाजतच राहिली. फोन कापून मी थर्मोस्टॅटचं अॅप उघडलं. हे मी का केलं ते मला आजही सांगता येत नाही. दारापलीकडे आई पडलेली असेल अशी भीती होती, आणि मी खोलीचं तापमान पाहत होते. सव्वीस. हिरवा ठिपका. सगळं ठीक.

मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले.

“ताई!” मागून आवाज आला. “अवं ताई, दार कायले तोडता? लोटलेलंच हाय ते. बाई इकडे हाय.”

समोरच्या मावशी त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी चौकटीत घट्ट बसलेल्या आमच्या दाराला खांद्याने धक्का दिला. ते उघडलं. आतली थंड हवा तोंडावर आली. खोली नीटनेटकी, रिकामी. खाटेवरची चादर ताठ. टेबलावर आईचा फोन. भिंतीवरचा डबा आपला हिरवा दिवा दाखवत होता.

मी रस्ता ओलांडून मावशींच्या घरात शिरले. त्यांची खोली आमच्या निम्मी, वर पत्रा. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागला. मग दिसल्या सगळ्या. मधे गव्हाचा ढीग, भोवती सुपं, आणि भिंतीला टेकून, पदर कमरेला खोचून बसलेली आई. चेहरा लालबुंद, घामाने केस कपाळाला चिकटलेले. मला पाहून तिने चष्मा वर केला.

“तू कशी आली वं?” ती म्हणाली. तिला आनंद झाला होता. मग लगेच दुसरं काहीतरी आठवून तिने नजर सुपाकडे वळवली.

खिडकीपाशी स्टँडवर कूलर होता. आमचा. डाव्या अंगाला पोचा आलेला, दादाने लहानपणी चेंडू मारून आणलेला. मी भंगारात द्यायला सांगितलेला कूलर आईने समोर दिला होता, आणि कूलर गेला तिकडे दुपार गेली होती.

मी खाली बसायला लागले. मावशी धावल्या. “नाई नाई ताई, खाली कायले? थांबा.” त्यांनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि मला तिच्यावर बसवलं. स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. पेला ताटलीत ठेवून दिला. मी अडवायच्या आत त्यांनी कूलरचं तोंड दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे वळवलं. साराच झोत माझ्या अंगावर आला. खाली बसलेल्या बायांच्या बाजूचं वारं बंद झालं. आईच्या बाजूचंसुद्धा.

“मावशी, राहू द्या, तिकडेच असू द्या.”

“असं कसं? तुमाले सवय नाई गरमीची.”

“मले आहे सवय. मी इथलीच आहे ना.”

“आता तुमी अमरावतीच्या,” मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात कूलर खरखरला आणि थांबला. एक बाई उठली आणि तिने त्याला थोबाडीत मारल्यासारखी एक चापट दिली. काही झालं नाही. दुसऱ्या बाजूने दिली. तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि पोच्याच्या जरा खाली, माझ्या हाताला आपोआप आठवलेल्या जागी, मुठीने एक ठोसा दिला. पंखा फिरायला लागला.

“घ्या,” मावशी म्हणाल्या, “आमच्या कूलरले रिमोट नाई म्हनून काय झालं? मालकीन आली न् वळखला त्यानं हात.”

सगळ्या हसल्या. आईही हसली. मी हसायचा प्रयत्न केला. मग पुन्हा खुर्चीवर बसले, कारण दुसरी जागाच कोणी करून दिली नाही, आणि दुपार कलेपर्यंत त्या झोतात बसून राहिले. बाया माझ्याशी बोलत होत्या. प्रवास कसा झाला, साहेब कसे आहेत, पोरीची परीक्षा झाली का. पाहुणीशी बोलतात तसं, एकेक प्रश्न. आपसातलं बोलणं त्यांनी गुंडाळून ठेवलं होतं.

संध्याकाळी आईने चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले.

“एसी बंद करून तरी जायचं ना,” मी म्हणाले. आधी तेच सुचलं.

“रिमोटले तं तू कुलूप लावलं. भिंतीवरचं बटन बंद केलं तं तुया फोन येते. आलता का नाई?”

आला होता.

“म्हनून चालू ठेवून जातो मी,” आई साखर घालत म्हणाली. “तुले तिकडे बरं वाटते. मले इकडे बरं वाटते.”

त्या सरळ रेघेसाठी ती रोज दुपारी आमचं दार ओढून घ्यायची आणि पत्र्याखाली जाऊन बसायची. ज्या उन्हापासून तिला वाचवायचं म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्याच उन्हात. आणि मी त्या रिकाम्या खोलीचं तापमान चहाबरोबर पाहत होते.

“मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तू काळजीनंच करून राहिली होती ना. त्यात मले काई वाईट नाई दिसलं.” तिने चहा गाळला, कप माझ्या हातात दिला आणि स्वतःचा तसाच ओट्यावर ठेवला. “पन थ्या बायांनी ऐकलं.”

“मी भुशाबद्दल बोलले आई. त्यांना काही...”

“ओसरीत बसव म्हनली तू.”

ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या आवाजात पुन्हा तेच, गणित समजावून देणारं. चहा हातात गार झाला. आईने पुढे एकच विचारलं, आणि ते खरंच विचारलं, टोमणा नव्हता: “तुले सुचलं कसं वं ते?”

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज द्यायचं तर हे आहे: मला सहज सुचलं. विचार करावा लागला नाही. लाज त्याचीच वाटते.

मी फोन काढून वेळापत्रक पुसून टाकलं, रिमोटचं कुलूप काढलं. स्टुलावर चढून डबासुद्धा काढायला निघाले, तर आई म्हणाली, “थे राहू दे. मशीननं काय केलं?” मी खाली उतरले. मग विचारलं, त्यांची माफी मागू का.

“मागून पाह्य,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. विहारात जाऊन आलो. दरवर्षी खीर आमच्याकडे शिजते, यंदा मावशींकडे शिजत होती. मी जाऊन पातेल्याशी उभी राहिले. तिथे आम्ही दोघीच आहोत असं पाहून म्हणाले, “मावशी, त्या दिवशी मी फोनवर जे बोलले ना, ते...”

“कोनता दिवस?” मावशी कालथा फिरवत म्हणाल्या. “आमाले कुठी याद राहते ताई? थे वेलची द्या बरं इकडे.”

मी वेलची दिली. पुन्हा सुरुवात केली. “नाही मावशी, मी चुकीचं बोलले. तुम्ही आईला तेव्हा...”

“बाईचं आमी काई उपकारानं नाई केलं,” त्या एकदम म्हणाल्या. कालथा थांबला होता. मग पुन्हा फिरायला लागला. “दार उघडं होतं म्हनून दिसलं. लागलेलं असतं तं आमाले तरी काय समजलं असतं?”

खीर वाटून झाली. निघताना मी म्हणाले, उद्या गहू आमच्याकडे घेऊन या, दार उघडं ठेवते. त्या म्हणाल्या, “पाहू ना.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी दाराची दोन्ही पाखं भिंतीला टेकेपर्यंत उघडली. एसी लावला. सतरंजी अंथरली, कोपऱ्यातलं आमचं पोतं मधोमध ओढलं. आई खाटेवर बसून पाहत होती, एसीच्या दिवशी पाहत होती तशीच. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. फोनवर लागोपाठ सूचना यायला लागल्या: खोली तापत आहे, दार किंवा खिडकी तपासा. मी फोन पालथा ठेवला.

बराच वेळ गल्ली रिकामीच होती. मग समोरचं दार वाजलं. मावशी सूप आणि गव्हाची पिशवी घेऊन आल्या. मागून आणखी दोघी. ओसरी चढल्या, चपला काढल्या, आणि उंबऱ्याच्या बाहेर, ओसरीतच, सूप मांडून बसल्या.

“आत या ना,” मी म्हणाले.

“बसतो ना इथंच. इथं बरं वाटते.”

“मावशी, ऊन आहे तिथे.”

“भुसा उडते ताई,” दुसरी म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, गव्हाकडे पाहत होती.

आई खाटेवरून उठली. भिंतीवरचं बटण दाबून एसी बंद केला, आपलं सूप घेतलं, बाहेर जाऊन मावशींच्या शेजारी बसली. मावशींनी सरकून तिला सावलीची बाजू दिली. खोलीत मी आणि पोतं उरलो.

मीही एक सूप घेतलं आणि बाहेर गेले. यावेळी कोणी खुर्ची आणली नाही. आणणार तरी कोण, ती माझीच ओसरी होती. खांबाजवळ ऊन येत होतं, तिथे जागा होती, तिथे बसले. फरशी तापलेली होती. मावशींच्या पिशवीतले गहू सुपात घेतले. लहानपणी निवडले होते त्यानंतर मी गहू हातात घेतले नव्हते. माझ्याकडे कितीतरी वर्षं दुकानातून निवडलेला आटा येतो. मी भराभर हात चालवले, भराभर काम करायची मला सवय आहे. थोड्या वेळाने त्यांचं आपसातलं बोलणं सुरू झालं, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. कोणाची तरी सून माहेरी जाऊन बसली होती. मला कोणी काही विचारलं नाही.

माझं सूप झालं तसं मी ते निवडलेल्या ढिगात ओतायला उचललं. मावशींनी हात आडवा घातला, सूप माझ्या हातातून घेतलं, स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि एक खडा काढून बाजूला टाकला. मग दुसरा.

“लय राहून गेले ताई,” त्या म्हणाल्या, आणि माझे गहू पहिल्यापासून निवडायला लागल्या.